काचेच्या ट्रेतला थर

रविवार, १२ ऑगस्ट. भालेराव सर गेले, त्यांचा जलदानविधी, नाशिकरोडला त्यांच्या घरी. हजर : वहिनी, मुलगी सुजाता, चांदवडहून आलेले दोन भाऊ, महाविद्यालयातले आम्ही चौघे.

हजेरी मांडायची सवय जात नाही. पंधरा वर्षे मी सरांच्या पदार्थविज्ञान विभागात प्रयोगशाळा साहाय्यक आहे. सर तासांतून उरलेल्या वेळात पीएचडीचे काम करायचे, पेशीच्या आवरणावर. त्यासाठी अंडी लागत.

"लीलाताई, बलक माझा, पांढरं तुमचं. ऑम्लेट करा."

"नुसतं पांढरं आमच्याकडे आजाऱ्याला देतात, सर."

"मग मलाच द्या. सहा वर्षं पीएचडीनं आजारी आहे."

बलकातून काढलेल्या स्निग्ध द्रव्याचा थेंब काचेच्या उथळ ट्रेतल्या पाण्यावर सोडला की एकाच रेणूच्या जाडीचा थर पसरे. मिलीमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातले दोन-तीन. पेशीचे आवरण अशाच दोन थरांचे असते. मग पाण्यात प्रथिन सोडायचे. ते थरात घुसले की थराचा दाब वाढतो. सर श्वास रोखून काटा बघत...

ट्रे तीव्र आम्लानेच धुवायचा, साबण अजिबात नाही, हा नियम. धुण्याच्या पायऱ्यांची यादी मीच भिंतीवर लावली होती. एका सत्रात आम्ल संपले, मागणीपत्र अडकले आणि तपासणी समिती यायची होती. मी ट्रे साबणाच्या पावडरीने लख्ख घासला. हात पोळले नाहीत, बरे वाटले. मग ते सत्रभर चालले. यादीवर रोज बरोबरची खूण करत होते.

त्याच सत्रात दाब अपेक्षेहून कितीतरी जास्त येऊ लागला. सर हरखले. त्यांनी शोधनिबंध पाठवला, मुंबईच्या मार्गदर्शकांनी कौतुक केले. पुढे एकदा त्यांनी प्रथिन न घालताच वाचन घेतले. तरीही दाब चढला, म्हणजे ट्रेत राहिलेले दुसरेच काही थरात घुसत होते.

"लीलाताई, ट्रे आम्लानेच धुता ना?"

"हो सर. यादीप्रमाणे."

त्यांनी मान डोलावली. पुन्हा विचारले नाही. दुसऱ्या दिवसापासून मी खरोखरच आम्ल वापरू लागले, आणि तो जास्तीचा दाब नाहीसा झाला. महिनाभर सरांनी पाणी बदलले, अंडी बदलली, अगदी पिंपळगावची कोंबडीही बदलून पाहिली, असे ते हसून सांगत. शेवटी स्वतःच पत्र लिहून शोधनिबंध मागे घेतला. विभागात कुजबुज झाली, "भालेरावांनी आकडे बसवले होते." साबणाचे मी कुणालाच सांगितले नाही. पीएचडी तिथेच थांबली.

विधीनंतर वहिनींनी सरांच्या वह्यांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. "ताई, तुमच्याइतकं नीट कुणी लावणार नाही. सुजाता म्हणते, कॉलेजात द्यायच्या. पण लोक बाबांना खोटारडे म्हणतात, ते तिच्या मनातून जात नाही."

आज तीन आठवडे झाले. वह्या क्रमाने लावल्या, पाठींवर चिठ्ठ्या डकवल्या, अनुक्रमणिका केली. फक्त त्या सत्राची वही टेबलावर उघडी आहे. शेवटच्या पानावर सरांचे बारीक, सरळ अक्षर : "वाचने ग्राह्य नाहीत. कारण :" आणि पुढे दोन ओळी कोऱ्या.

ते कारण मला लिहायचे आहे, खाली माझी सही करून. पेन रोज उघडते... अजून लिहिलेले नाही.