हळदीच्या दिवसात रंगवलेला बोर्ड

वारंगा फाट्यावरचं ते दारूचं दुकान निजामाच्या काळातलं. तेव्हा तिथं शिंदी मिळायची. आताच्या मालकाला दारावर पूर्वीसारखा लोंबता बोर्ड हवा होता. पत्र्याचा, दोन्ही बाजूंनी रंगवलेला. शिंदीचं झाड, मडकं आणि पांढरी अक्षरं. काम माझ्या नवऱ्याला दिलं, कारण हातानं रंगवणारा दुसरा कोणी उरला नाही. "दुपारी येतो. पसंत न्हाई पडला तर हिंगोलीहून फ्लेक्स आणतो," असं मालक सकाळी सांगून गेला. हे काम गेलं असतं तर नवऱ्यानं ब्रश पुन्हा धरला नसता आणि घरात बसून माझं डोकं खाल्लं असतं.

एक बाजू वाळली होती. दुसरीची अक्षरं ओली होती. बोर्ड अंगणात बाजेवर होता. तेवढ्यात शेजाऱ्यानं वाळली हळकुंडं घासून पॉलिश करायचा फिरता ड्रम सुरू केला. पिवळा धुरळा थेट आमच्याकडं आला.

मी कुंपणाशी धावले. "बंद कर की रे! रंग ओला हाय!"

"काकू, ड्रम भाड्याचा हाय, सांजच्याला दुसऱ्या गावाला चालला. बोर्ड घरात न्या ना."

"दारातून आडवा जात न्हाई. उभा केला तर रंग ओघळंल."

"पिणाऱ्याला पिवळा काय अन् पांढरा काय!"

त्याची माणसं हसली. ड्रम चालूच राहिला.

परतले तर अक्षरं पिवळी झालेली आणि नवरा रॉकेलचा बोळा घेऊन वाकलेला. मी त्याचं मनगट धरलं.

"सोड! पुसू दे."

"पुसलं की सगळं फासंल. हळद हाय, उन्हात फिकी पडून उडून जाते."

"अन् न्हाई उडाली तर?"

कपड्यावरची उडते. पत्र्यावरची मी कधी बघितली नव्हती. पण मनगट सोडलं नाही. तसेच उभे असताना मालकाची मोटारसायकल दारात आली.

तो बाजेभोवती फिरला. "काहून, लग्न हाय काय बोर्डाचं?"

मी नवऱ्याच्या हातातला बोळा काढून घेतला.

"ही बाजू मावळतीकडं टांगा," मी म्हणाले. "ऊन लागलं की पांढरी होईल. न्हाई झाली तर आणा तुमचा फ्लेक्स."

"मावशी, गिऱ्हाईक हसंल."

"हसाया तरी येईल."

त्यानं वाकून बोर्डावरचं झाड जवळून बघितलं. मग म्हणाला, "आठ दिवस. बराबर आठ."

नवरा रोज फाट्यावर जायचा, टांगलेला बोर्ड बघून परत यायचा. शेवटच्या दिवशी मीही गेले. अक्षरं पांढरी झाली होती. जवळून हळदीचे कण दिसत असतील, खालून दिसत नव्हते. मालक गल्ल्यावर बसला होता, त्यानं वर बघितलंसुद्धा नाही. फ्लेक्स आला नव्हता.

"मडक्याचं तोंड वाकडं आलं," नवरा म्हणाला.

"चला, एसटी सुटंल," मी म्हणाले.