शूर पेशंटची धास्ती

डॉक्टर प्यो इन-सूक पेशंटला घंटी वाजवून आत बोलवत नसत. स्वतः दारापर्यंत जात, नावानं हाक मारत आणि माणूस खुर्चीत टेकेपर्यंत त्याच्याकडे बघत राहत. "निम्मी तपासणी तिथंच होते," असं नव्या डॉक्टरांना त्या सांगत.

त्यांची आई कोरियाच्या दक्षिणेकडच्या सुनछन गावी, खालच्या बाजारात कपडे शिवायची. मुलगी सोलला शिकली, तिथल्याच मोठ्या इस्पितळात अकरा वर्षं कॅन्सरचे पेशंट बघत राहिली. दक्षिणेकडची म्हातारी माणसं पहाटेच्या गाडीनं यायची आणि केमोचं सलाईन संपलं की पिशवीत ओकत परतायची. त्यांची बोली कानावर पडली की इन-सूकना आपलं गाव आठवायचं. शेवटी त्या गावी परतल्या आणि तिथल्या इस्पितळात रुजू झाल्या.

"शहाणी माणसं सोलला जातात, तू उलटी आलीस," आई म्हणाली आणि तिनं वाटीत आणखी भात वाढला.

मा ओक-बुन त्यांच्याकडे आल्या तेव्हा एकोणसत्तर वर्षांच्या होत्या. जवळच्या गोहुंगकडच्या, घरी लसणाची शेती. आतड्यातली कॅन्सरची गाठ काढून झाली होती. ती परतू नये म्हणून दर पंधरवड्याला एक, असे केमोचे बारा डोस ठरले होते.

"आई, बोटांना मुंग्या येतात का?" डॉक्टर दर वेळी विचारत; वयस्कर बायकांना त्या आईच म्हणत.

"छे हो! लोखंडाची बोटं आहेत माझी."

आठव्या डोसच्या दिवशी डॉक्टरांनी दारातून पाहिलं, तर ओक-बुनचा थोरला मुलगा ग्यू-छल आईच्या कोटाची बटणं काढत होता. ओक-बुन आत येऊन बसल्यावर डॉक्टर म्हणाल्या, "कोट पुन्हा घाला बरं. बटणं तुमची तुम्ही लावा."

बोटं पहिल्याच बटणाशी अडखळली. "मेलं बटणच हट्टी आहे," ओक-बुन पुटपुटल्या.

"कधीपासून?"

"पाचव्या डोसापासून. लसूण सोलवत नाही. गार पाण्यात हात घातला की विंचू डसल्यागत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"रडकी म्हातारी म्हणून तुम्ही औषध बंद केलं असतं तर?"

"मला शपथ घातली होती हिनं," ग्यू-छल खाली मान घालून म्हणाला. मग एकदम उसळला, "पण उरलेले डोस द्याच! सोलला असतो तर दिले असते."

"तिथंही मी हेच केलं असतं. दोन औषधांपैकी मुंग्या आणणारं आजपासून बंद, दुसरं चालू राहील. यापुढं रेटलं तर बोटं पुन्हा सुधारतील याची खात्री मी देऊ शकत नाही."

डॉक्टरांनी खुर्ची पुढं ओढली आणि ओक-बुनची बटणं एकेक करून लावली. "माझ्यापुढं शूर होऊ नका, आई. मला शूर पेशंटचीच धास्ती वाटते."

ओक-बुनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. तीन महिन्यांत त्या पहिल्यांदाच रडत होत्या.

त्या हिवाळ्यात घरचं किमची, कोबीचं तिखट लोणचं, शेजारणींनी घातलं. ओक-बुन स्टुलावर बसून हुकूम सोडत होत्या आणि चव बघत होत्या. बोटं सुधारायला दीड वर्ष गेलं. पायाचे अंगठे मात्र बधिरच राहिले.

पाच वर्षांनी तपासण्या स्वच्छ आल्या. "आता नाही आलात तरी चालेल," डॉक्टर म्हणाल्या.

"म्हणजे हाकललंत?"

"सहज या की कधी."

"सहज कोण इस्पितळात येतं? तुम्हीच या, मे महिन्यात लसूण काढायला."

डॉक्टर खरंच गेल्या. दुपारपर्यंत त्यांच्या हाताला फोड आले, तेव्हा ओक-बुननी त्यांना हाताला धरून बांधावर बसवलं आणि पुन्हा वाफ्यात पाऊल टाकू दिलं नाही.