काटे काढून देणारा भाऊमामा

भाऊमामाने पहिला घास स्वतः खाल्लेला मी कधी पाहिला नाही. ताटात मासा आला की तो आधी आमच्यासाठी काटे काढायला बसायचा. डिलाईल रोडच्या दोन खोल्यांत आई, मी, धाकटा संजू आणि आईचा हा बिनलग्नाचा थोरला भाऊ, अशी आम्ही चार माणसं. बाबा गेले तेव्हा मी सहा वर्षांची होते. दिवसकार्यासाठी म्हणून मामा ट्रंक घेऊन आला, तो परत गेलाच नाही. पेडव्यासारखा केसासारख्या बारीक काट्यांचा मासाही तो असा मोकळा करायचा की आम्ही डोळे मिटून खावं. संजू घाई करायला लागला की म्हणायचा, "सावकाश रे. मासो खंय पळान जाता?"

गिरगावातल्या एका छापखान्यात तो अक्षरांचे खिळे जुळवायचा. उलटं अक्षर त्याला बोटांनी कळायचं. छापखाना बंद पडल्यावर तो एका औषधांच्या दुकानात लागला, पण स्वतःची ओळख करून देताना शेवटपर्यंत "मी कंपोझिटर" असंच सांगायचा. माझ्या लग्नाची पत्रिका संगणकावर झाली तेव्हा तिच्यावरून बोट फिरवून म्हणाला, "गुळगुळीत लागता गो."

कंपवाताचं निदान झालं तेव्हा तो पंचाहत्तरीचा होता. आधी शर्टाची बटणं अवघड झाली, मग चहाचा कप. आणि एके दिवशी त्याने जाहीर केलं, "मला आता मासा नको. वास येतो." मालवणी माणसाला माशाचा वास यावा! आई दोन दिवस कुरकुरली आणि त्याच्यासाठी वेगळी डाळ लावू लागली. आम्ही सगळ्यांनी ते खरं मानलं. खरं मानणं सोपं होतं.

दोन वर्षांनी संजूला बढती मिळाली, म्हणून तो आम्हाला लोअर परळच्या एका चायनीज सीफूड हॉटेलात घेऊन गेला. रविवारची दुपार. दारातच ही गर्दी; हातात टोकन देऊन पाऊण तास थांबा म्हणाले. आत काचेच्या टाकीत जिवंत मासे होते. मामा स्टूल ओढून टाकीसमोर बसला आणि आमचा नंबर लागेपर्यंत हलला नाही. "जितो मासो बघूक हॉटेलात येवचा लागता, बघ गो," तो मला म्हणाला. तोंड कसं उजळलं होतं. वास येतो म्हणणारा हा माणूस काचेला नाक लावून बसला होता.

टेबल मिळालं. संजूने वाफवलेला अख्खा जिताडा मागवला. वर आलं, पातीचा कांदा, खाली काळसर रस. बशी टेबलावर आली आणि कुणी काही म्हणायच्या आत मामाने ती स्वतःकडे ओढली.

त्याने चमचा धरला. चमचा बशीच्या कडेवर टकटक वाजू लागला. मांस कण्यापासून सुटण्याऐवजी चुरत होतं. रस आईच्या साडीवर सांडला, तिने निऱ्या दुमडून घेतल्या. नंबराची वाट बघणारी माणसं आमच्या खुर्च्यांना खेटून उभी होती आणि त्यांना बघायला दुसरं काही नव्हतं.

"मामा, राहू दे ना, वेटर करून देतो," संजू हळूच म्हणाला.

"गप रे. झाला." त्याने पहिला तुकडा माझ्या बशीत वाढला. "खा."

मी खाल्ला. दुसऱ्याच घासाला काटा घशात रुतला. मी खोकले नाही. पाणी प्यायले, खाली बघितलं, पण डोळ्यांतून पाणी आलंच.

"काटो लागलो?" मामाने विचारलं.

"नाही, मिरची."

त्याने चमचा खाली ठेवला. मग त्यानेच वेटरला हाक मारून साधा भात मागवला. "गोळो कर. चावू नको, गीळ." दुसऱ्या गोळ्याला काटा उतरला. मी मान हलवली तेव्हा त्याने दोन्ही हात टेबलाखाली घेतले.

उरलेला मासा वेटरने दोन चमच्यांनी मिनिटभरात सोडवला. मामा एकटक बघत होता. "हाथ अच्छा है तेरा," तो त्याला म्हणाला. स्वतः त्याने मूठभर नूडल्स खाल्ले. मी काटे काढून एक तुकडा त्याच्या बशीत ठेवायला हवा होता. चमचा उचललाही होता. पण तो समोरच्या भिंतीकडे असा बघत होता की माझा धीर झाला नाही. तुकडा मीच खाल्ला.

पुढच्या वर्षी न्यूमोनिया झाला आणि त्याला इस्पितळात ठेवावं लागलं. गिळता येईना म्हणून नाकातून नळी घातली होती. ती तो उपटून टाकायचा, म्हणून त्याचे हात पट्टीने पलंगाच्या दांड्यांना सैलसर बांधले होते. दुपारच्या भेटीच्या वेळेत मी गेले. त्याने मनगट जरासं वर उचललं.

"सोड गो."

मी सिस्टरला विचारलं. त्या समजुतीने म्हणाल्या, "नळी निघाली तर पुन्हा घालावी लागेल, त्यांनाच त्रास." ते बरोबर होतं. मी परत येऊन त्याच्या तळव्यात माझा हात दिला आणि थोड्या वेळाने सोडायला सांगते म्हणाले.

"बरां," तो म्हणाला.

भेटीची वेळ संपेपर्यंत त्याने पुन्हा मागितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळातून फोन आला.