परळची लॅब आणि वरळीचं पिल्लू

डॉल्फिनच्या जीन्सवर काम करतो म्हटलं की लोक हसतात, आणि आमच्या परळच्या लॅबमधल्या गमती ऐकल्या की जास्तच हसतात! साठल्यात खूप, काय करणार.

*

आमचे शिपाई सावंतमामा संपाआधी गिरणीत कापड विणायच्या साच्यावर होते. आमच्या लॅबच्या प्रमुख मॅडमनी त्यांना समजावलं, "मामा, डीएनए म्हणजे बारीक धागा. या मशीनमध्ये त्याच्या कॉप्या निघतात."

दुपारी बघतो तर मामांनी चालू मशीनचं झाकण उघडलेलं! "धागो तुटलो काय बघूक नको?"

मॅडमनी कपाळाला हात लावला. मग मामांसाठीही चहा सांगितला.

*

वरळीच्या कमळमावशींच्या जाळ्यात अडकून डॉल्फिनची मादी मेली. आम्ही कातडीचा तुकडा घ्यायला धावलो, तर कोळणींनी तिला हळद-कुंकू लावून ओटी भरलेली! लेकुरवाळी ना ती.

सॅम्पल पिवळंधमक. मॅडम म्हणाल्या, "हिची टेस्ट करायची की लग्न लावायचं?"

मावशी हसल्या नाहीत. "तिचे संगती पोर व्हता रं. जगला का मेला, एवढंच सांग मना."

*

मग मावशींच्या मुलाच्या होडीतून पिल्लं शोधणं आलं. लांब काठीला खरखरीत स्पंज, पिल्लू जवळ आलं की हळूच पाठ घासायची, निघालेली कातडी बाटलीत. मी गिरगावचा, चौपाटीच्या पुढे कधी गेलो नव्हतो. होडीतच भडाभडा ओकलो!

"डागदर," मावशींचा मुलगा मॅडमना म्हणाला, "याची पण टेस्ट करा."

*

रिझल्ट आला. आपल्या किनाऱ्यावरचे डॉल्फिन म्हणजे मोजक्याच आयांचा गोतावळा. एकेक मादी जपली नाही तर संपलंच सगळं. मॅडम म्हणाल्या, "पिल्लं फिरतात तिथली जाळी निघायलाच हवीत." पण कोळ्यांच्या पोटावर पाय आणायचा कोणी?

आणि एक पिल्लू त्या मेलेल्या मादीचंच निघालं! मी वरळीला पळालो. "मावशी, पोर जिवंत आहे! दुसऱ्या माद्या सांभाळतायत त्याला."

मावशी माझे हात धरून रडल्या. मीही रडलो, लाज कसली! जाळ्यांचं बोलायला मात्र तोंड उघडेना.

दुसऱ्या दिवशी मावशी लॅबमध्ये हजर. हातात डबा, मागे मुलगा, त्याच्या खांद्यावर गुंडाळलेलं जाळं. डब्यात बारशाच्या घुगऱ्या! मामांपासून मॅडमपर्यंत सगळ्यांच्या हातावर मूठ मूठ ठेवली.

मॅडमनी विचारलं, "आणि हे जाळं?"

"पोर खेलतंय तिथं," मावशी म्हणाल्या. "घुगऱ्या खा."