उत्तर देणारं कुणी आहे का?

घरात तिला सगळे थोरली म्हणत. ती ज्या कंपनीत होती तिथे प्रोग्रॅमिंगची एक नवी भाषा घडवली जात होती. त्या भाषेत बटण, रंग, आकार यांना थाराच नव्हता. 'अमुक विचारा, हो किंवा नाही घ्या' एवढंच लिहायचं. मोठ्या स्क्रीनवर ते कसं मांडायचं, मनगटावरच्या घड्याळात कसं बसवायचं, की नुसतं बोलून विचारायचं, हे ज्या त्या यंत्रानं बघायचं. "स्वयंपाक एकदाच, ताटं कुठलीही," असं ती बाबांना समजावायची.

आईला पक्षाघात झाला, वाचा गेली, तेव्हा हीच भाषा घरी कामी आली. पाणी हवं का, कूस बदलू का, दुखतंय का, असे प्रश्न थोरलीनं एकदाच लिहिले. आधी आई टॅबलेटवर बोट टेकवायची. बोटं गेली तेव्हा गालाशी एक बटण आलं. शेवटी नुसती भुवई उरली, मग समोर कॅमेरा लागला. यंत्र एकेक प्रश्न आळीपाळीनं मोठ्यानं विचारायचं; भुवई हलली की हो. प्रश्नांची एक ओळही बदलावी लागली नाही. स्पीकर सांगायचा, "पाणी हवंय," की बाबा लगबगीनं उठायचे. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, चमच्यातला थेंबही सांडू द्यायचा नाही. स्पीकरचा प्रत्येक निरोप थोरलीच्या फोनवरही जायचा.

आई गेली. यंत्र बंद करायला कुणाचा हात धजला नाही.

एका दुपारी ऑफिसात थोरलीच्या फोनवर निरोप उमटला : 'कूस बदला.' ती तशीच घरी धावली. रिकाम्या पलंगावरची उशी बाबांनी भिंतीकडे वळवून ठेवली होती.

"बाबा, हे काय?"

"निरोप आला ना," ते म्हणाले.

ती तिथेच बसली. "दुखतंय का?" यंत्रानं रिकाम्या पलंगाला विचारलं. वाऱ्यानं खिडकीचा पडदा हलला, उन्हाची तिरीप उशीवरून सरकली, आणि स्पीकर म्हणाला, "दुखतंय."

"ऊन आहे हो ते. कॅमेरा फसतोय."

"कळतं मला. अजून खुळा नाही झालो."

"मग?"

"दुखतंय म्हटल्यावर स्वस्थ कसं बसवेल गं?"

कसं विचारायचं याचा त्या भाषेत एवढा काथ्याकूट झाला होता. उत्तर देणारं कुणी आहे का, हे बघायचं मात्र कुणालाच सुचलं नव्हतं. तिनं ऑफिसात तेवढी एक अट नव्यानं लिहिली : समोर चेहरा असेल तरच विचारा. सगळ्यांनी वाखाणली. घरच्या यंत्रात घालायची म्हटलं की बाबा म्हणत, "उद्या घाल." उद्याचा परवा झाला.

मग एका सकाळी तेच म्हणाले, "घाल आता. काल दिवसभर वारा होता. दिवसभर दुखतंय, दुखतंय. माझ्याच्यानं ऐकवेना."

तिनं अट घातली. पडदा हलत राहिला, यंत्र मुकं राहिलं. बाबा खिडकी लावायला पलंगाजवळ गेले, तेवढ्यात कॅमेऱ्याला त्यांचा चेहरा दिसला.

"दुखतंय का?" स्पीकरनं विचारलं.

बाबा खिडकीची कडी धरून थिजले. मग वाकले आणि भिंतीतली वायर त्यांनी स्वतःच ओढली.

"घेऊन जा हे ऑफिसात," ते पाठमोरेच म्हणाले. "कुणाच्या तरी कामी येईल."

तिनं नेलं, पण चाचणीला कुणाच्या हाती दिलं नाही. खिडकीशी वारं सुटलं की अजूनही तिचा हात आधी फोनकडे जातो.