ब्याड म्हणजे नको

पहाटे चार वाजता बिरप्पा बंडगरचा दिवस सुरू व्हायचा. त्यासाठी गजर लागत नव्हता. सोलापूरच्या शेळगीत त्याच्या पत्र्याच्या दोन खोल्यांत आई आधी जागी व्हायची आणि खोकायची. तो खोकला ऐकला की हा उठायचा, तोंडावर पाणी मारायचा, डोक्याला टॉवेल गुंडाळायचा आणि सायकल काढायचा. मार्केट यार्डात कांद्याच्या गाड्या लागलेल्या असायच्या. लिलावाच्या आधी माल उतरून थप्प्या लावायच्या. थप्पी वाकडी लागली तर पुन्हा लावायची, आणि दुसऱ्यांदा लावल्याचं कोणी काही देत नाही. म्हणून बिरप्पा पहिल्यांदाच सरळ लावायचा. इतक्या वर्षांत त्याच्या थप्पीला कोणी नाव ठेवलं नव्हतं.

नाव ठेवलं गेलं ते भलत्याच गोष्टीला.

त्याची आई मायाक्का, मैंदर्गीकडची. सारा जन्म मेंढरांमागं गेलेला. घरात कानडी, बाजारात मराठी आणि भांडणात दोन्ही. दिवाळीनंतर ती न्हाणीत घसरली, पायाचं हाड मोडलं, ऑपरेशन होऊन आत सळी बसली. ती दवाखान्यातून यायच्या आधीच बिरप्पानं जुन्या बाजारातून लोखंडी खाट आणली होती. घासली, हिरवा रंग दिला, वर गादी टाकली. डॉक्टरांनी बजावलं होतं, वॉकर धरून रोज चालवा, खाली बसू देऊ नका, नाहीतर ही कायमची बसेल.

वॉकरसाठी दवाखान्यातल्या मावशीनं एका संस्थेचा पत्ता दिला. संस्थेचं नाव 'आधारवेल'. रुग्णाला लागणाऱ्या वस्तू ते वापरायला देत, गरज सरली की परत घेत. बिरप्पा म्हणाला, कांद्याचा हंगाम चढला की आपला घेऊ, तोवर त्यांचा वापरू. मायाक्काला हे रुचलं नव्हतं. पण त्यानं रेटलं.

वॉकर घरी आला तेव्हा बिरप्पा यार्डात होता. त्याची बायको सुकन्या कडक भाकरी करून खानावळीला द्यायची, ती भाकरी पोचवायला गेली होती. घरात म्हातारी एकटी. टेम्पोवाल्याबरोबर एक मुलगी आली होती, अंकिता. पुण्याची होती, संस्थेचे व्हिडिओ तीच करायची आणि मोबाईलवरून सगळीकडं टाकायची. थोडा वेळ थांबून, पाणी पिऊन, आजींना नमस्कार करून ती गेली. मायाक्कानं संध्याकाळी एवढंच सांगितलं की पोरगी गोड होती.

आठवड्यानं यार्डात चहाच्या टपरीवर मुकादम धोंडप्पानं बिरप्पाला हाक मारली. त्याच्या हातात मोबाईल होता आणि भोवती चार हमाल.

"काय रं बिरप्पा, आईला खाली टाकलंस व्हय?"

"कुणाच्या?"

"तुज्याच की! हे बघ. समद्या सोलापुरानं बघितलं, तूच ऱ्हायलास."

बिरप्पानं मोबाईल घेतला. पलीकडं लिलाव चाललेला, आवाज काही येत नव्हता. चित्र मात्र लख्ख होतं. त्याची आई जमिनीवर, भिंतीला टेकून बसलेली. पाय पुढं पसरलेला. केस विस्कटलेले. खाली मोठी पिवळी अक्षरं एकामागून एक येत होती: मुलगा कामावर. सून बाहेर. आजी जमिनीवर. तिचं एकच मागणं. मग आईचा चेहरा जवळ आला, तिनं हात हलवला, ओठ हलले, आणि अक्षरं उमटली: 'बेड... बेड...'

"अरं, खाट तरी द्यायची म्हातारीला," धोंडप्पा म्हणाला. "कांद्याला बी आपण खाली लाकडी फळ्या टाकतो की."

चौघं हसले. बिरप्पानं मोबाईल परत दिला, पाठीवर पोतं घेतलं आणि त्या दिवशीच्या राहिलेल्या गाड्या उतरवल्या. अंगातला राग त्यानं पोत्यांवर काढला नाही. पोतं आपटलं की कांदा ठेचतो.

तो राग त्यानं घरी आणला आणि आईवर काढला.

"काय कमी केलं तुला?" तो दारातूनच ओरडला. "ही खाट काय शेजाऱ्याची हाय? जगापुढं बेड मागतीस?"

मायाक्का हिरव्या खाटेवर बसली होती. तिला काही कळेना. ती म्हणाली, त्या पोरीनं विचारलं, मी सांगितलं.

"काय सांगितलंस?"

"सांगायचं ते सांगितलं."

"मागितलंस न्हवं?"

म्हातारीनं त्याच्याकडं बघितलं. या पोराला तिनं पाठीवर बांधून मेंढरं राखली होती. खाटेला टेकवून ठेवलेला वॉकर तिनं चांगल्या पायानं ढकलला. तो कोपऱ्यात जाऊन पडला. "त्येंचं त्येंला दी," एवढंच म्हणाली.

रात्री तिनं भाकरीला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी वॉकरला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. सुकन्यानं धरून उठवायचं म्हटलं तर अंग सैल सोडायची. घोट्यावर सूज चढायला लागली. तिकडं मैंदर्गीहून मामाचा फोन आला, "बहीण जड झाली आसंल तर हिकडं आणून सोड." बिरप्पानं फोन कट केला आणि उशीवर फेकला. त्याला स्वतःचीच चीड येत होती आणि ती कुठं टाकावी ते कळत नव्हतं.

सुकन्या शांत बाई. भाकरी थापताना ती बोलत नाही. त्या दुपारी पीठ बाजूला सारून तिनं शेजारणीच्या मोबाईलवर तो व्हिडिओ उघडला आणि कानाला लावला. दुसऱ्यांदा लावला. मग हात तसेच पिठाचे ठेवून ती बाहेर आली.

"अवं, तुमी ह्यो आवाज लावून ऐकलाय का?"

"काय ऐकायचंय? वाचलं की."

"वाचू नगा. डोळं मिटा आन् ऐका."

व्हिडिओत सनईसारखं काहीतरी रडकं वाजत होतं. त्याच्या खाली, खोल, आईचा आवाज होता. अंकिता विचारत होती, "आजी, तुम्हाला काय हवंय? सांगा ना, आम्ही देऊ." आणि मायाक्का हात हलवत म्हणत होती, "ब्याड, ब्याडव्वा, ब्याड. नन्न मग तरता..."

कानडीत ब्याड म्हणजे नको. नको, बाई, नको. माझा मुलगा आणील.

बिरप्पा घरात कानडीच बोलतो. जन्मल्यापासून ह्याच शब्दानं त्यानं दूध नाकारलं, शाळा नाकारली. आणि आईच्या तोंडचा तोच शब्द त्याला यार्डात ओळखता आला नाही, कारण त्यानं आईकडं बघितलं नव्हतं, पिवळ्या अक्षरांकडं बघितलं होतं. शेवटचे शब्द तर संपूही दिले नव्हते. 'तरतान'च्या मध्येच कात्री मारून संस्थेचं बोधचिन्ह आणलं होतं.

त्यानं व्हिडिओ पुन्हा लावला, आता नीट बघितला. खाट कुठं होती? ती तर त्याच भिंतीला लागून होती. कडेला जरासा हिरवा पाय दिसत होता, तेवढाच.

तो आईजवळ जाऊन बसला. "तुला खाली कुणी बसवलं?"

"त्या पोरीनंच की. म्हणली, आजी, हितं खाली बसा, उजेड चांगला येतो. ती आन् टेम्पोवाला, दोगांनी धरून बसवलं. लई दुखलं."

"मला का सांगितलं न्हाईस?"

"तू इचारलंस कुटं? तू वरडलास."

बिरप्पा उठला, सायकल काढली आणि अंगावरच्या कामाच्या कपड्यांतच संस्थेच्या कार्यालयात गेला.

कार्यालय जुळे सोलापुरात, काचेच्या दाराचं. विश्वस्त गुरुराज तिथं बसले होते. नोकरीतून निवृत्त झालेले, बोलायला मऊ. समोर अंकिता मोबाईलवर काहीतरी कापत बसली होती. भिंतीवर नव्या लोखंडी खाटांचा फोटो होता, रांगेत उभ्या केलेल्या, प्रत्येकीला हार.

"या, बसा," गुरुराज म्हणाले. "तुमच्या आईंच्या व्हिडिओनं चमत्कार केला बघा. लाखो लोकांनी पाहिला. पुणे, दुबई, कुठून कुठून देणग्या आल्या. या खाटा त्याच्यातूनच घेतल्या. एक तुमच्या घरी पाठवणारच होतो."

"माज्या घरात खाट हाय," बिरप्पा म्हणाला. "तुमी तिच्याम्होरं माज्या आईला जमिनीवर बसवलं. पायात सळी असलेल्या बाईला."

अंकितानं मान वर केली. "काका, आजीच म्हणाल्या होत्या ना, बेड हवा म्हणून. दोनतीनदा म्हणाल्या."

"ब्याड म्हणाली. ब्याड म्हंजे नको. माजा मुलगा आणील म्हणाली. ते तू कापलंस."

ती पोरगी पांढरी पडली. "मला वाटलं... मला कानडी येत नाही, काका. पुढचं काही कळलं नाही, म्हणून कापलं." मग ती गुरुराजांकडं वळली. "सर, तुम्हाला कानडी येते ना? टाकायच्या आधी तुम्ही बघितला होता."

गुरुराजांनी चष्मा काढून पुसला. "बघितला होता."

"ऐकला होता?" बिरप्पानं विचारलं.

"हे बघा, बिरप्पा. ऐकू आलं होतं. पण इतक्या घरांत खरंच खाट नाही. तुमच्या आईंचा चेहरा बघून लोक द्यायला लागले. काढला असता तर काय साधलं असतं? यात तुमचं काय गेलं? शेवटी चांगल्या कामालाच लागला ना तो?"

"माजं काय गेलं?" बिरप्पा उठून उभा राहिला. त्याचा आवाज एवढा चढला की काचेचं दार थरथरलं. "मी येडा, मी वाचलं आन् आईला बोललो. चार दीस झालं, ती उठंना. चालायची ती बसली. तुमी समजून उमजून गप बसला. पोरीला भाषा येत न्हाय, ती चुकली. तुमाला येती. माज्या आईनं न्हाय म्हणलं, ते तुमी तिचं हात पसरणं करून दाखवलं. खाटा वाटा की! खरी मागणारी म्हातारी गावत न्हवती व्हय तुमाला?"

"शांत व्हा. चहा सांगतो."

"ब्याड," बिरप्पा म्हणाला.

अंकितानं तिथंच, गुरुराजांना न विचारता, व्हिडिओ काढून टाकला. पण तो आणखी कुठंकुठं पोचला होता, दुसऱ्यांनी उचलून आपापल्या नावानं टाकला होता. तो आता कोणाच्याच हातात नव्हता. "काका," ती म्हणाली, "मी घरी येते. आजींचा नवीन व्हिडिओ करू. खरं काय ते त्याच सांगतील."

"तिच्याम्होरं परत मोबाईल धरायचा न्हाय. काय बोलायचं ते मी बोलतो."

ती त्याला बाहेर लिंबाखाली घेऊन गेली आणि तिनं त्याच्यासमोर मोबाईल धरला. त्यानं टॉवेल डोक्यावरून काढला नाही, घाम पुसला नाही. "मी बिरप्पा बंडगर. कांद्याच्या यार्डात हमाल हाय. माजी आई खाटंवर झोपती. तिनं बेड मागितला न्हाय. नको म्हणाली. माजा मुलगा आणील म्हणाली. संस्थेच्या सायबाला हे ठावं हुतं."

"काका, एकदा परत घेऊ? मध्येच तुम्ही बाजूला बघितलंत."

"येकदा बोललो. पोतं दोनदा उतरवत न्हाय मी."

अंकितानं तो व्हिडिओ तसाच टाकला, सायबाच्या वाक्यासकट. तो संस्थेच्या पानावर संध्याकाळपर्यंत राहिला, मग गुरुराजांनी काढायला लावला. पुढच्या महिन्यात ती पोरगी नोकरी सोडून पुण्याला गेली असं कळलं. त्या पानावर आजही खाटांचे फोटो येतात. त्या घरांना त्या मिळाल्या, चांगलं झालं. बिरप्पाला त्या खाटांचा राग नाही. गुरुराजांचा आहे, आणि तो उतरलेला नाही, उतरायचं कारणही नाही.

संध्याकाळपर्यंतच्या तेवढ्या वेळात यार्डातल्या हमालांनी मात्र बिरप्पाचा व्हिडिओ बघून घेतला. धोंडप्पानं चहा पाजला आणि म्हणाला, "खाटंचं बोललो ते मागं घेतलं. पर आईला वरडलास, त्येचं काय करतूस?"

"बघतो," बिरप्पा म्हणाला.

संस्थेचा वॉकर त्यानं कार्यालयात भांडून आला त्याच दिवशी सायकलला बांधून परत नेऊन दिला होता, धुऊन, पुसून. आता कांद्याचा हंगाम चढला होता. उतरवायला जास्त गाड्या मिळत होत्या, आणि ज्या मिळतील त्या तो घेत होता. सुकन्या आणि तो दोघं मिळून आईला धरून उठवायचे. ती उठायची, पण दोन पावलांवर थांबायची आणि कोपऱ्याकडं बघायची. तिथं आता काही नव्हतं.

हमालीचा हप्ता हातात पडला त्या दुपारी बिरप्पा घरी न येता सरळ बाजारात गेला. दुकानात त्यानं प्रत्येक वॉकर जमिनीवर दाबून बघितला, पायाची रबरं खेचून बघितली, उंची कमीजास्त करून बघितली. त्यातला एकही डुगडुगणारा चालणार नव्हता. दुकानदार कंटाळला.

घरी आल्यावर त्यानं तो खाटेपुढं उभा केला. आई बघत राहिली.

"कुणाचा?" तिनं विचारलं.

"तुजा. इकत आणलाय."

मायाक्कानं दोन्ही मुठी दांड्यांवर आवळल्या, जोर लावला आणि उभी राहिली. उंबऱ्यापर्यंत गेली. शेजारीण दारात भांडी घासत होती. तिला ती मोठ्यानं म्हणाली, "माज्या मुलानं आणला." आणि आणखी चार पावलं बाहेर, उन्हात गेली.