सासूबाईंचं रीळ

आमच्या ह्यांनी गळाने मासे धरायचं मनावर घेतलं, ते त्यांच्या शिफ्टमधल्या एका सोबत्यामुळे. तो सुट्टीत कुठल्याशा धरणावर जाऊन आला होता. तिथे घरंच्या घरं काठ्या घेऊन पाण्याकाठी बसलेली त्याने पाहिली. "बायकापोरं, म्हातारीकोतारी, सगळी. डबे बरोबर आणि कुणी कुणाशी भांडत नव्हतं," असं त्याने सांगितलं. ते शेवटचं वाक्य ह्यांच्या मनात रुतून बसलं.

आम्ही तेव्हा रोह्याच्या नदीपलीकडे, अष्टमी गावात, दोन खोल्यांत राहत होतो. आम्ही दोघं, शाळेत जाणारी मुलगी आणि सासूबाई. सासूबाई पेणकडच्या खाडीकाठच्या, उभा जन्म मिठागरात गेलेला. माझं माहेर निडीच्या बाजूचं, भात आणि वाल पिकवणारं. त्यामुळे माशांच्या बाबतीत घरात माझं मत कुणी विचारत नसे, आणि सासूबाईंचं न विचारताच मिळे.

"नदीचा मासा?" त्या म्हणाल्या. "त्याला चव काय? पान्यात मीठ नाय, तर माशात कुठनं येनार?"

"आये, मीठ कालवणात घालतात," हे म्हणाले.

"मग मासा पन बाजारातनं आनून घाल की. नदीवर कशाला जायाचं?"

ह्यांनी उत्तरादाखल दिवाळीचा बोनस बाहेर काढला. रोह्यात जाळी मिळत, रीळवाल्या काठ्या मिळत नसत. पेणच्या बाजारातल्या एका जाळी-दोरखंडाच्या दुकानदाराने मुंबईहून काही काठ्या आणल्यात, अशी बातमी लागली आणि सुट्टीच्या दिवशी आम्ही एसटीत बसलो. मुलगी खिडकीशी, आणि सासूबाई तिच्या शेजारी. पोराला कुणी फसवू नये म्हणून त्या येत होत्या, असं त्यांनी सांगितलं.

बाजारात शिरल्यावर त्यांनी आधी पोहे, पापड आणि मिरगुंडं घेतली. पिशवी गच्च भरल्यावरच आम्ही दुकानात पोचलो.

दुकानदाराने सगळ्यात आधी सगळ्यात महाग काठी काढली. नळीतून नळी निघणारी. तो ओढत गेला आणि ती निघत गेली. गल्ल्यापाशी सुरू झालेली काठी दाराबाहेर गेली. रस्त्यावरून येणारा एक सायकलवाला तिच्या टोकापाशी थबकला आणि सायकलवरून उतरून उभा राहिला.

"ही धरणावरची," दुकानदार म्हणाला.

ह्यांचे डोळे त्या काठीच्या टोकापर्यंत गेले आणि तिथेच राहिले. मी विचारलं, "घरच्या माणसांनी रविवारी दोन तास बसायचं, तर कुठली?"

"मग ही कशाला?" तो प्रामाणिकपणे म्हणाला. "हिने हात भरून येतो. ही घ्या, आखूड, दोन तुकड्यांची. पोरीलाही धरता येईल. रीळ साधं घ्या, पण दांडा प्लास्टिकचा नको."

आखूड काठी परवडणारी होती. ह्यांचं तोंड मात्र शर्यतीच्या घोड्यावरून गाढवावर बसवल्यासारखं झालं. ती तकलादू निघेल, असं ते पुटपुटले. हे ऐकताच सासूबाईंनी काठी हातात घेतली आणि टोकाला सामानाची पिशवी अडकवून उचलली. काठी नालासारखी वाकली.

"अहो आजी! मोडेल!" दुकानदार ओरडला.

"मोडली तर तुझी, नाय मोडली तर आमची," त्या म्हणाल्या.

काठी मोडली नाही. पिशवीतली मिरगुंडं मोडली, पण ते घरी गेल्यावर कळलं.

मग रीळ. ह्यांनी फिरवून पाहिलं, मुलीने पाहिलं, मी पाहिलं. सासूबाईंनी घेतलं, इकडून तिकडून हाताळलं आणि गल्ल्यावर परत ठेवलं. "हे उजव्यांचं हाय," त्या म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती. आज हवा दमट आहे, म्हणावं तसं.

सासूबाई डावऱ्या होत्या. नवी नवरी असताना त्यांनी पंगतीत डाव्या हाताने भात वाढला, तर एक वडीलधारा पानावरून उठून गेला होता. तेव्हापासून वाढायला उजवा हात. पण विळा, कात्री, पळी, जे जे म्हणून बाजारातून येई ते सगळं उजव्यांसाठीच केलेलं, आणि त्या सगळ्याशी त्या जन्मभर उलट्या बाजूने झटत आल्या होत्या.

"थांबा आजी," दुकानदार म्हणाला. त्याने रिळाचा दांडा पिळून सोडवला, दुसऱ्या बाजूला बसवला आणि रीळ त्यांच्यापुढे धरलं. "आता बघा."

त्यांनी डाव्या हाताने दांडा फिरवला. किर्र झालं. पुन्हा फिरवला. मग त्या फिरवतच राहिल्या. दुकानात सुंभ घ्यायला आलेलं एक गिऱ्हाईक खोळंबलं, दुकानदार खोळंबला, आम्ही खोळंबलो.

"दोन काठ्या घे," त्या अखेर ह्यांना म्हणाल्या. "एक तुमच्यात. ही माझी."

परतीच्या एसटीत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या काठ्यांकडे बघून कंडक्टरने विचारलं, "काय, टीव्हीची अँटेना वाटतं?"

"व्हय," सासूबाई चटकन म्हणाल्या.

मी चकित होऊन त्यांच्याकडे पाहिलं. त्या माझ्या कानाशी आल्या. "मासं धराया मुंबईच्या काठ्या इकत घेतल्या, असं सांगू? आमच्या खाडीवरची मानसं हसून मरतील गो."

त्यांच्या दुर्दैवाने मागच्याच बाकावर आमची शेजारीण होती. आम्ही घरी पोचून चहा ठेवेपर्यंत आमच्याकडे टीव्ही आल्याचं गल्लीभर झालं. तेव्हा अष्टमीत टीव्ही असलेली घरं कमी. बायका डोकावून जाऊ लागल्या. खोका कुठेच दिसेना.

"मागनं येतोय," सासूबाई म्हणाल्या. हे कपाळाला हात लावून बसले.

रविवारी सकाळी डबे, कणकेचा गोळा, डबीतली गांडुळं आणि काठ्या घेऊन आम्ही निघालो, तर शेजारीण दारात. "अँटेना घेऊन कुठे चाललात?"

"घरात चित्र नाय येत," सासूबाई चालता चालता म्हणाल्या. "नदीवर मोकळं हाय. तिथं लावून बघतोय."

नदीच्या वरच्या अंगाला, जिथवर भरतीचं पाणी चढत नाही, तिथे एका करंजाच्या सावलीत आम्ही बसलो. ह्यांनी दोन्ही पाय रोवून, श्वास ओढून पहिला गळ फेकला. तो करंजाला लागला. दुसराही करंजालाच लागला. तिसऱ्या खेपेला गळाला बांधलेलं शिसं पाण्यात पडलं, पण तोवर दोरा रिळावर असा गुंतला होता की त्याकडे बघून मुलीने विचारलं, "बाबा, हे घरटं आहे?"

सासूबाईंनी डावा हात मागे नेला आणि फावड्याने मीठ ढिगावर टाकावं तसा झटक्यात पुढे आणला. शिसं नदीच्या मधोमध पडलं. त्यांनी आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

थोड्या वेळाने मागे बोलणी ऐकू आली. वळून बघते तर गल्लीतली सात-आठ माणसं, शेजारीण पुढे, तिच्या काखेत चटई.

"चित्र लागलं का?" तिने विचारलं.

सासूबाईंनी पाण्यावरची नजर हलवली नाही. शेवटी ह्यांनीच खरं सांगून टाकलं. शेजारणीने काठीकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं, आणि एवढ्या लांब आलोच आहोत म्हणून चटई पसरली.

ती बसते न बसते तोच सासूबाईंची काठी वाकली. "आला गो, आला!" त्यांनी रीळ फिरवायला घेतलं. किर्र, किर्र, किर्र. मासा पाण्याबाहेर आला, तरी त्या थांबेनात.

"आये, पुरे! पुरे!" हे ओरडत होते.

पण फिरवण्याचा तो आनंद सुटत नव्हता. शेवटी मासा काठीच्या टोकाला जाऊन टेकला आणि तिथे फडफडू लागला. वीतभर शिंगटी होती. सासूबाई अभिमानाने वळल्या, त्यांच्याबरोबर काठी वळली आणि शिंगटी चटईवरच्या मंडळींच्या नाकांसमोरून फिरली. चटई क्षणात रिकामी झाली.

शिंगटीच्या परात विषारी काटा असतो हे ह्यांना ठाऊक होतं, पण धीटपणा दाखवायची सकाळपासूनची हौस बाकी होती. त्यांनी रुमालाने मासा धरला, आणि लगेच बोट तोंडात घातलं. ते बोट संध्याकाळपर्यंत वांग्याएवढं झालं.

त्या एका माशाचं कालवण सासूबाईंनी घरी मोठ्या टोपात केलं आणि नदीवर आलेल्या सगळ्यांना वाढलं. मासा कुणाच्या वाट्याला आला ते कळलं नाही. प्रत्येकाने दुसऱ्याला आला असेल असं समजून कौतुक केलं.

सोमवारी सकाळी मुलीच्या पोटात दुखू लागलं. "शाळेत नको धाडू गो," सासूबाई मला म्हणाल्या. "पोटाला मोकळी हवा लागते." मी भाजीला म्हणून बाहेर पडले. परत आले तर घराला कडी, आणि दारामागची सासूबाईंची काठी गायब.

दुपारी दोघी कमरेपर्यंत भिजून आल्या. मासा एकही नव्हता. मुलीचं पोट कसं आहे म्हणून मी विचारलं, तर दोघींनी एकदमच सांगितलं की आज बरं आहे, पण उद्याचं काही सांगता येत नाही.